प्रोजेक्टरच्या जाहिरातीत खरे ल्युमेन छापा

सणासुदीच्या पुरवण्यांत प्रोजेक्टरच्या मोठमोठ्या जाहिराती येतात आणि त्यांत ‘15,000 ल्युमेन’, ‘20,000 ल्युमेन’, ‘4के सपोर्ट’ असे आकडे ठळक टाइपात असतात. 22 सप्टेंबर 2025 पासून प्रोजेक्टरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. आता अनेक कुटुंबे घरातली एखादी खोली सिनेमासाठी तयार करण्याचा विचार करत असतील. या आकड्यांवर विसंबून त्यांचे पैसे वाया जाऊ नयेत, यासाठी हे पत्र.

ल्युमेन म्हणजे उजेडाचे माप, आणि ते मोजायची पद्धत ठरलेली आहे. आयएसओ 21118 या मानकानुसार पूर्ण पांढरे चित्र टाकून त्यावर नऊ ठिकाणी उजेड मोजतात, सरासरी काढतात आणि चित्राच्या क्षेत्रफळाने गुणतात. आन्सी या अमेरिकन मानक संस्थेच्या जुन्या पद्धतीतही असेच नऊ बिंदू होते. जाहिरातीतला आकडा मात्र पुष्कळदा आतल्या दिव्याचा असतो. पॅनेल (चित्र तयार करणारी आतली पट्टी) आणि भिंगांतून जाताना त्यातला बहुतांश उजेड आतच संपतो. स्वस्त एलईडी प्रोजेक्टरमधून भिंतीवर प्रत्यक्ष दोन-चारशे ल्युमेन पडले तरी पुष्कळ. 20,000 खरे ल्युमेन म्हणजे पन्नास फूट रुंद पडद्याच्या थिएटरचा उजेड; तो हातात मावणाऱ्या डब्यातून येणे शक्य नाही. ‘4के सपोर्ट’चा अर्थही एवढाच, की यंत्र 4के, म्हणजे 3840 × 2160 ठिपक्यांचा (पिक्सेलचा) सिग्नल घेते. चित्र शेवटी 1280 × 720 किंवा 1920 × 1080 च्याच पॅनेलवर उमटते. म्हणून दुकानात ‘नेटिव्ह रिझोल्यूशन’, म्हणजे पॅनेलवर प्रत्यक्ष पिक्सेल किती, हे विचारावे. शिवाय ज्या प्रोजेक्टरला ओटीटी सेवांची मान्यता नसते, त्याच्या आतल्या ॲपवर सिनेमा 480पी, म्हणजे कमी स्पष्ट दर्जाचाच दिसतो. तिथे वेगळी स्ट्रीमिंग स्टिक लावावी लागते.

माझी विनंती अशी, की वृत्तपत्रांच्या जाहिरात विभागाने ल्युमेनच्या आकड्याशेजारी मोजणीच्या मानकाचे नाव सक्तीने मागावे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार फसव्या जाहिरातीबद्दल 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि ती छापणारेही त्यातून आपोआप सुटत नाहीत. वाचकांना 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

आता खरी गरज किती? 100 इंची (कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत) 16:9 चित्र साधारण 7.25 फूट रुंद आणि 4.1 फूट उंच, म्हणजे सुमारे 30 चौरस फूट. थिएटरसाठी 14 फूट-लॅम्बर्ट, म्हणजे साध्या पांढऱ्या पडद्याच्या दर चौरस फुटाला 14 ल्युमेन, ही पातळी धरतात. 30 ला 14 ने गुणले की 420 ल्युमेन येतात. सिनेमा मोड लावल्यावर उजेड बराच कमी होतो आणि काही हजार तासांनी दिवाही मंदावतो. तरीही पूर्ण अंधाऱ्या खोलीत 1,000 ते 1,500 खरे ल्युमेन भरपूर होतात. दिवसा खिडक्या उघड्या ठेवून पाहायचे असेल तर 3,000 देखील अपुरे पडतात, कारण प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. चित्रातला काळा म्हणजे खोलीत आधीच असलेला उजेड. म्हणून यंत्रावर वीस हजार रुपये जास्त घालण्याआधी ब्लॅकआउट पडदे घ्यावेत. ते खिडकीच्या दोन्ही बाजूंना किमान सहा इंच जास्त असावेत आणि वर पेल्मेट (पडद्याचा दांडा झाकणारी पेटी) असावे. उजेड कापडातून कमी आणि कडांमधून जास्त शिरतो. पांढरे पीओपी सीलिंग स्क्रीनचा उजेड परत स्क्रीनवर फेकते आणि काळा भाग राखाडी होतो. स्क्रीनपासूनचे पहिले चार-पाच फूट छत आणि बाजूच्या भिंती गडद, मॅट रंगात रंगवल्या तर चित्रात पडणारा फरक कोणालाही दिसतो.

सर्वात जास्त गोंधळ होतो तो अंतराचा. यंत्राच्या माहितीपत्रकात ‘थ्रो रेशो’ दिलेला असतो: भिंगापासून स्क्रीनचे अंतर भागिले चित्राची रुंदी. आपल्याकडच्या 10 × 12 फुटांच्या बेडरूमची लांबी 3.66 मीटर. यंत्राची स्वतःची लांबी आणि मागे वायर-हवेसाठी जागा मिळून 45 सेंटिमीटर गेले, उरले 3.2 मीटर. रेशो 1.5 असेल तर रुंदी 2.13 मीटर, म्हणजे 96 इंची चित्र. इथे 120 इंची स्क्रीन आधीच आणून ठेवली असेल तर ती कधीच भरणार नाही. प्रेक्षकाचे अंतर रुंदीच्या दीड ते पावणेदोन पट असावे, म्हणजे या खोलीत सोफा मागच्या भिंतीला लागूनच येतो. तिथून चित्र छान मोठे वाटते आणि मान दुखत नाही.

उंचीही आधीच ठरवावी. चित्राची खालची कड जमिनीपासून पावणेतीन फुटांवर घेतली तर वरची कड सुमारे पावणेसात फुटांवर येते. घरगुती प्रोजेक्टर उलटा टांगल्यावर बहुतेक मॉडेलमध्ये चित्राची वरची कड भिंगाच्या थोडी खाली पडते, म्हणजे भिंग सात फुटांच्या आसपास हवे. साडेनऊ फूट उंचीच्या खोलीत याचा अर्थ दोन फुटांहून लांब दांडा. अनेकजण यंत्र थेट स्लॅबला चिकटवतात. मग खोलीच्या मधोमध असलेला पंखा झोतात येतो आणि पात्यांची सावली चित्रावर फिरते. चित्र खाली आणण्यासाठी यंत्र तिरके करावे लागते, कडा तिरप्या होतात आणि त्या सरळ करायला ‘कीस्टोन’ वापरला जातो. हा कीस्टोन पॅनेलवरचे काही पिक्सेल बंद करून चित्र आकसवतो. विकत घेतलेली स्पष्टता तिथेच जाते. ज्या मॉडेलला ‘लेन्स शिफ्ट’ (यंत्र तिरके न करता भिंग सरकवून चित्र वर-खाली करण्याची सोय) आहे, त्याला थोडे जास्त पैसे मोजणे योग्य. ब्रॅकेट पीओपीत अडकवू नये, स्लॅबमध्ये अँकर फास्टनर ठोकूनच बसवावे.

फ्लॅटचे काम चालू असेल तर वायरिंगचा पाइप आत्ताच टाकून घ्या. प्रोजेक्टरला चित्र पोचवणाऱ्या एचडीएमआय केबलचे टोक 25 मिलिमीटरच्या पाइपात कोपऱ्यावर अडकते. 40 मिलिमीटरचा पाइप, काटकोनी एल्बोऐवजी लांब बेंड, आणि आत ओढण्यासाठी एक तार सोडलेली. विजेची वायर वेगळ्या पाइपातून. दहा मीटरपलीकडे साध्या तांब्याच्या केबलवर 4के चित्र तुटू लागते, तिथे फायबरची एचडीएमआय केबल घ्यावी. या केबलला दिशा असते. उलटी टाकली तर चित्र येत नाही आणि पीओपी झाल्यावर ती काढताही येत नाही, म्हणून बंद करण्याआधी दोन्ही टोके जोडून तपासा.

स्क्रीन परवडत नसेल तर भिंत चालते. पुट्टीचे दोन हात, बारीक पॉलिश पेपर, प्रायमर आणि रोलरने मॅट पांढऱ्या इमल्शनचे दोन हात. चकाकी असलेला रंग अजिबात नको, मधोमध उजेडाचा डाग दिसतो. पुट्टी वाळल्यावर टॉर्च भिंतीला लावून तिरपी धरली की सगळे उंचवटे कळतात. चित्राच्या चौकटीला दोन-तीन इंच काळी मखमल लावा. भिंतीलगत ठेवायच्या अल्ट्रा शॉर्ट थ्रो यंत्राला मात्र अशी भिंत चालत नाही. त्याचा झोत खालून घासून जातो आणि केसाएवढा उंचवटाही लाटेसारखा दिसतो.

आवाजाबद्दल एकच गोष्ट आवर्जून सांगायची आहे. भिंतीला फोम किंवा अंड्यांचे ट्रे लावल्याने शेजाऱ्याकडे जाणारा आवाज थांबत नाही. त्याने फक्त खोलीतला घुमारा थोडा कमी होतो. सबवूफरचा (खर्जाचा आवाज देणाऱ्या स्पीकरचा) ठोका स्लॅबमधून जातो. त्याखाली जाड रबरी पॅड द्या आणि रात्री 10 नंतर त्याचा आवाज उतरवा. निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबलच आहे.

दिव्यावर चालणाऱ्या प्रोजेक्टरला यूपीएस हवाच. वीज अचानक गेली की आतला पंखा थांबतो, दिवा तापलेलाच राहतो आणि त्याचे आयुष्य घटते. 1 केव्हीएचा यूपीएस यंत्र नीट थंड करून बंद करायला पुरतो. धुळीचा फिल्टर महिन्यातून एकदा साफ करावा. कोकण, मुंबई आणि गोव्यात पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरते, तेव्हा आठवड्यातून अर्धा तास तरी यंत्र चालवावे आणि पूर्ण थंड झाल्यावरच झाकावे. एसीच्या बरोबर खाली ते टांगू नये, ड्रेन तुंबला की पाणी थेट यंत्रावर पडते.

— होम थिएटरची जोडणी करणारा एक तंत्रज्ञ, पुणे