पोराने ‘हो’ म्हटलं म्हणून

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, मोबाइलच्या केसमधल्या ज्या पोराची मी वकील आहे, त्याच्याबद्दल परवा फोनवर तुम्ही म्हणालात, ‘पोराने पोलिसांपुढे कबूल केलंय ना, मग तू भांडतेस कशावर?’ मी तेव्हा कोर्टाच्या जिन्यात होते, नीट बोलता आलं नाही.

पोलिसांना दिलेली कबुली मोठ्या माणसाचीसुद्धा त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. 1872 च्या पुरावा कायद्यात हे होतं. 1 जुलै 2024 ला त्याच्या जागी नवा साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यातही कलम 23 मध्ये ते कायम आहे. एक फट मात्र ठेवलीय: आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू निघाली, तर तेवढ्यापुरतं बोलणं घेता येतं. ‘ज्या सुऱ्याने भोसकलं तो छपरात लपवलाय’ असं कोणी सांगितलं आणि सुरा निघाला, तर ‘छपरात लपवलाय’ राहतं, ‘भोसकलं’ गळतं. आमची निम्मी भांडणं पंचनाम्यातल्या अशा एकेका शब्दावर असतात.

अठराच्या आतल्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे, म्हणजे अशा मुलांच्या केस चालतात तिथे, न्यायचं. विचारपूस चालू असताना आईबाप शेजारी बसू शकतात. आणि बाल न्याय कायद्याच्या 2016 च्या आदर्श नियमांत स्पष्ट लिहिलंय, मुलाला कुठल्याही जबाबावर सही करायला सांगायचं नाही. माझ्या या पोराच्या कागदावर सही आहे! वहीवर नाव घालतो तशी, सुवाच्य, खाली पट्टीने ओढल्यासारखी रेघ. का केलीस विचारलं, तर म्हणाला, ‘साहेब म्हणाले, सही केली की घरी.’ (आई, त्याचं नाव विचारू नकोस. कायद्याला चालत नाही, आणि तुझ्या पोटात काही राहत नाही.)

बाबा, तुमचं घड्याळ हरवलं होतं, आठवतं? मी सातवीत होते. तासभर उभं केलंत, तेव्हा मी म्हटलं, हो, मीच घेतलं. पण कुठे ठेवलंस विचारल्यावर आधी माळा म्हटलं, मग दप्तर, मग मैत्रिणीचं घर. आठवड्याने आईला ते तुमच्याच कोटाच्या खिशात सापडलं. रागाने लिहीत नाहीये. पाय दुखत होते आणि ‘हो’ म्हटलं की बसता येणार होतं, एवढंच मला तेव्हा कळत होतं.

या पोरालाही मोबाइल कुठे टाकलास विचारलं, तर त्याने तीन जागा सांगितल्या. तिन्ही ठिकाणी काही निघालं नाही. सोमवारी तारीख आहे. सहीबद्दल बोलण्याआधी मी त्या तीन जागाच मंडळापुढे वाचून दाखवणार आहे.

तुमची,
ताई