घर बांधणाऱ्या सभासदांसाठी : हद्दीपासून सोडायच्या जागेबद्दल

सर्व सभासद बंधू-भगिनींना नमस्कार.

पावसाळा सरला की आपल्या वसाहतीत पाये खणायला सुरुवात होते, म्हणून आत्ताच कळवत आहोत. सेटबॅक म्हणजे प्लॉटची हद्द आणि इमारतीची बाहेरची भिंत यांमधली मोकळी जागा. ती पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंना किती सोडायची, हे प्लॉटचा आकार, रस्त्याची रुंदी आणि इमारतीची उंची यांवर ठरते. शेजाऱ्याने जेवढी सोडली तेवढीच आपण सोडायची, असे नाही.

अंतर हद्दीपासूनच मोजतात. कंपाउंड अनेकदा हद्दीवर नसतेच! म्हणून आधी सिटी सर्व्हेची मोजणी करून हद्दीचे दगड पक्के करून घ्या. रस्ता रुंदीकरणात जागा जाणार असेल, तर पुढचे अंतर नव्या कडेपासून धरावे लागते.

बाजूच्या जागेकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. बेळगावच्या पावसात पागोळ्या शेजाऱ्याच्या भिंतीवर पडत राहतात, ओल आत उतरते आणि चांगल्या घरोब्यात वितुष्ट येते. शहापुरातले जुने वाडे भिंतीला भिंत लावून उभे आहेत खरे, पण नव्या प्लॉटला तो दाखला चालत नाही.

‘नंतर अक्रम-सक्रममध्ये (नियमबाह्य बांधकाम दंड भरून नियमित करण्याची कर्नाटक सरकारची योजना) बसवू’ असे कोणी सांगितले तर कृपया ऐकू नका. त्या योजनेला सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये स्थगिती दिली. वीज-पाण्याची कायमची जोडणी भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरण्यास योग्य असल्याचा दाखला) पाहूनच द्यावी, असेही त्याच न्यायालयाने 17 डिसेंबर 2024 च्या दुसऱ्या एका निकालात म्हटले आहे.

मंजूर नकाशा कन्नडमध्ये असल्याने अडचण होत असेल तर तो घेऊन या, आम्ही सोबत बसून वाचू. मात्र पाया आखण्याआधी या.

– व्यवस्थापक समिती