पीएचडीला पगार असतो, हे सांगणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

जाहीर आभार मानायला तुम्ही हो म्हणालात, पण नाव न लिहिण्याच्या अटीवर. म्हणून नेरुळला राहणाऱ्या एक निवृत्त शास्त्रज्ञ, एवढीच तुमची ओळख इथे ठेवते. तुमच्याकडे रविवारी कोण कोण येतं हे ज्यांना ठाऊक आहे, ते ओळखतीलच.

खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या कर्करोग संशोधन केंद्रात, माझं पीएचडीचं रजिस्ट्रेशन झालं. तोंडाच्या कर्करोगावर काम आहे. गावी बातमी गेली तेव्हा शेजारच्या काकी म्हणाल्या, "पोरगी पहिल्यापासूनच हुशार." ऐकायला बरं वाटलं, पण शहापूरच्या आमच्या आश्रमशाळेत माझ्याहून हुशार मुली होत्या, हे मलाही माहीत आहे आणि काकींनाही. गणितात मला कायम मागे टाकणारी एक मैत्रीण आज गोदामात पॅकिंगला जाते. आमच्या दोघींत फरक पडला तो एमएस्सीनंतर, आणि तो हुशारीचा नव्हता.

पीएचडी म्हणजे पैसे भरून आणखी पाच वर्षं शिकायचं, अशीच आमच्याकडे सगळ्यांची समजूत. कॉलेजातही कुणी वेगळं सांगितलं नव्हतं. तुम्ही मला समजावत बसला नाहीत, सरळ बाबांना फोन लावलात. बाबा पडघ्याला हमाली करतात, तेव्हा त्यांची जेवणाची सुट्टी चालू होती. त्यांनी पहिलाच प्रश्न फीचा केला. तुम्ही म्हणालात, "फी फार नाही. पण जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, मिळाली तर सरकार हिला महिन्याला 37,000 देईल, दोन वर्षांनी 42,000. घरभाडं वेगळं." बाबा जरा थांबून म्हणाले, "शिकायचे पैसे देतात?" त्यावर तुम्ही म्हणालात, "शिकायचे नाही हो, कामाचे. ती काम करणार आहे." त्यानंतर घरात स्थळाचा विषय निघाला की बाबाच तो टाळायला लागले. मी वर्षभर जे समजावू शकले नसते, ते एका फोनवर झालं.

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींची गोष्ट आपल्याकडे शाळेपासून एकाच तऱ्हेने सांगतात. 1933 मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला, त्या हटल्या नाहीत, आणि 1939 मध्ये केंब्रिजच्या पीएचडी झाल्या. तुम्ही त्याला पुढचं वाक्य जोडायचात: त्यांचे वडील आणि काका दोघेही त्याच इन्स्टिट्यूटमध्ये रसायनशास्त्र शिकलेले होते. नकार आला तरी कुठे जाऊन भांडायचं, हे त्या घराला माहीत होतं. कमलाबाईंची जिद्द यामुळे तसूभरही कमी होत नाही. पण ज्यांच्या घरात आजवर कुणी प्रयोगशाळा आतून पाहिलेली नाही, त्यांना नुसती जिद्द ठेवा म्हणून सांगणाऱ्यांचा मला तेव्हापासून राग येतो.

तुमच्याकडचा पहिला रविवार चांगला आठवतो. मेगाब्लॉक होता. आसनगावहून ठाण्याला उतरून पूल चढून नऊ नंबरला गेले, तर पनवेल गाडीचा पत्ता नाही. पोचले तेव्हा तुमचं जेवण उरकलं होतं. तरी आधी ताट वाढलंत आणि मग विचारलंत, विज्ञान पहिल्यांदा कुठे बघितलंस? मी आश्रमशाळेतली सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या त्या आनुवंशिक आजाराची, तपासणी सांगितली. बोट टोचून रक्त घ्यायचे, नळीतल्या द्रावणात टाकायचे, आणि द्रावण गढूळ झालं की त्या मुलीचं नाव वेगळ्या वहीत. पुढचा तपशील आम्हाला कुणी सांगत नसे.

"गढूळ का झालं?" तुम्ही विचारलंत.

एमएस्सी झालेल्या मला हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतली सहावी जागा पाठ होती, सिकलसेलमध्ये बदलते ती. ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलिन, परीक्षेत पाच मार्कांना येतं. पण ती जागा आणि ती नळी यांची गाठ मी कधी घातलीच नव्हती. त्या द्रावणातलं रसायन ऑक्सिजन काढून घेतं, ऑक्सिजन गेला की हे बदललेलं हिमोग्लोबिन विरघळत नाही, म्हणून नळीमागच्या रेघा दिसेनाशा होतात. तुम्ही एक शब्द न सांगता हे माझ्याकडून काढून घेतलंत, त्यात भाताची खीर निवून गेली. शेवटी म्हणालात, "आता हा पेपर घे." शीर्षक आणि गोषवारा यांवर कालनिर्णय ठेवलंत आणि नुसती आकृती उघडी. कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचा नमुना, कुठला, तो का घेतलाय, तो नसता तर काय म्हणता आलं नसतं? पेपर वाचायचा तो असा. मुलाखतीत मला नेमकी अशीच आकृती समोर ठेवली होती.

बाकीचं भराभर सांगते. प्रयोगशाळेला ईमेल लिहिताना "मी मेहनती आहे" हे तुम्ही खोडायला लावलंत. मेहनती सगळेच असतात, त्यांच्या पेपरमधलं काय कळलं नाही ते लिही. जेआरएफ ज्या परीक्षेतून मिळते त्या नेटच्या पार्ट सीमध्ये 75 पैकी 25च प्रश्न सोडवायचे, प्रत्येकी 4 गुण, चुकलं की वजावट. तेव्हा प्रश्न सोडून द्यायचाच सराव घेतलात, आणि मला तो सगळ्यात जड गेला. तुमच्या फ्रिजवरचा तो कागद तर प्रत्येक कॉलेजच्या फलकावर लागायला हवा: आदिवासी विद्यार्थ्यांची राष्ट्रीय फेलोशिप, आणि फेलोशिप देणाऱ्या राज्याच्या संस्थांपैकी बार्टी कुणासाठी, सारथी कुणासाठी, महाज्योती कुणासाठी. त्याखाली लाल पेनाने, "जात पडताळणी आजच सुरू करा." माझी फाइल एका कार्यालयात इतकी रखडली की ती ओळ मी विसरणार नाही. फेलोशिप मंजूर होणं वेगळं आणि खात्यात पडणं वेगळं, हेही तुम्ही आधीच बजावलं होतंत. मधल्या महिन्यांचं खोलीभाडं तुम्ही दिलंत. ते मी फेडलं, आणि तुम्ही मोजून घेतलंत. उपकार म्हणून ठेवलं नाहीत, याचं मला फार बरं वाटलं.

मुरबाडच्या दोघीजणी यंदा एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहेत. एकीचे वडील फोनवर बोलायला तयार आहेत, दुसरीच्या आईशी समक्ष बोलावं लागेल, तिकडे मी जाऊन येते. ब्लॉक नसेल त्या रविवारी त्यांना घेऊन येऊ का? नेटचा सराव आणि ईमेल मी बघेन. पेपर वाचायला मात्र तुम्हीच बसवा. आणि गुडघा दुखत असताना स्वयंपाकाला लागू नका, डबे आम्ही आणतो.

तुमची विद्यार्थिनी