आत्याची रात्री नऊची गोळी

दांडिया बाजार, बडोदे

चि. बाळू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सांगितलंस, तू पसंत केलेल्या मुलीला फिट येतात आणि हे तिनंच तुला तिसऱ्या भेटीत सांगितलं. मी नुसतं "बरं" म्हणून फोन आईकडे दिला. बाबांना पसंत नाही असं तुला वाटलं असेल. तसं नाही रे. मला त्या क्षणी तुझी आत्या आठवली आणि बोलता येईना, म्हणून लिहितोय.

आत्या रात्री नऊला जी गोळी घेते, ती बीपीची नाही. लहानपणापासून आम्ही तुला तसं सांगत आलो. ती फिटची आहे.

पहिली फिट तिला चौदाव्या वर्षी आली, याच घरात, मधल्या चौकात. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, शेजारच्या काकांनी चप्पल हुंगवली, आणि मी, तिचा धाकटा भाऊ, दातखीळ सोडवायला तोंडात चमचा घातला. तिच्या पुढच्या दाताचा कोपरा उडालेला आहे ना, तो त्या चमच्यानं. फिटमध्ये जीभ गिळली जात नाही, हे मला फार उशिरा कळलं. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपली आपण थांबते. कांदा शोधून आणेपर्यंत तेवढा वेळ गेलेला असतो, म्हणून श्रेय कांद्याला मिळतं.

डॉक्टरांनी फिनोबार्बिटोन दिलं आणि फिट थांबल्या. पण १९८७ मध्ये तिचं लग्न ठरलं तेव्हा आजोबांनी सगळ्यांना बजावलं, याची वाच्यता नको. आत्याला सांगायचं होतं. आम्ही सांगू दिलं नाही. गोळ्यांची पुरचुंडी करंड्यात, कुंकवाखाली लपवून दिली. सासरी माणसांचा राबता, कुणी ना कुणी समोर असायचंच. गोळ्या चुकू लागल्या. त्यात नवरात्र आलं. पहाटे तीनला गरब्याहून परत, सहाला उठून पाणी भरायचं. गोळी चुकली आणि झोपही झाली नाही की फिटला आणखी काय हवं?

अष्टमीला ती गरब्याच्या रिंगणातच पडली. बायका म्हणाल्या, "माताजी आव्यां," म्हणजे अंगात देवी आली. कुणी कपाळाला कुंकू लावलं, कुणी पाया पडलं. साडी ओली झालेली दिसली, तेव्हा त्याच बायका मागे सरकल्या.

पुढच्याच वर्षी वकिलाची नोटीस आली आणि लग्न रद्द ठरलं. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीनं वारंवार येणारं फेफरं वेडाच्याच ओळीत बसवलं होतं. तो शब्द १९९९ च्या दुरुस्तीनं निघाला. कायदा आत्याच्या विरोधात होता हे खरं, पण तिला खोटं ठरवलं ते आम्ही. या घरात ती परत आली, निम्म्या गल्लीला गणित शिकवलं, तुलाही. २००३ नंतर तिला एकही फिट नाही. योग्य औषधानं दहापैकी सातजणांपर्यंत फिट पूर्ण थांबू शकतात, आणि आमच्या घरात जिवंत उदाहरण असून आम्ही त्याला बीपी म्हणत राहिलो.

तुझ्या आईची धास्ती मुलांबद्दल आहे. अपस्मार असलेल्या बहुतेक आई-वडिलांच्या मुलांना तो होत नाही, हे मी तिला सांगितलंय. एक मात्र आहे. व्हॅल्प्रोएटसारखं फिटचं औषध पोटातल्या बाळाला अपाय करू शकतं, तेव्हा दिवस राहण्याआधीच तिच्या न्यूरॉलॉजिस्टशी बोलून घ्या. आपल्या मनानं गोळ्या कधीच बंद करायच्या नाहीत.

आणि तू शिकून ठेव. फिट आली तर आजूबाजूचं टोकदार सामान बाजूला कर, डोक्याखाली मऊ काहीतरी दे, कुशीवर वळव आणि घड्याळ बघ. हातपाय दाबून धरायचे नाहीत, पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी पाजायचं नाही. पाच मिनिटं उलटली तर १०८ ला फोन. न्हाणीघराला आतून कडी नको. बोलता बोलता ती क्षणभर हरवल्यासारखी एकटक बघत राहिली, तर तीही फिट असू शकते. लक्ष नाही म्हणून चिडू नकोस.

हे पत्र टाकण्याआधी आत्याला वाचून दाखवलं. करंड्याशी आल्यावर ती उठून आत गेली. मला वाटलं, दुखावली. परत आली ती गोळ्यांची डबी घेऊन, आणि ती तिनं जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवली.

नवरात्रात तिला घेऊन ये. गरब्याला जाऊ, पण वेळेत परतायचं आणि झोप पुरी घ्यायची. आत्यानं विचारलंय, ती गोळी जेवणाआधी घेते की नंतर? त्या बेतानं पानं वाढता येतील.

तुझे,
बाबा