मनू, क्रेडिट कार्डाबद्दल

प्रिय मनू,

काल तू फोन ठेवलास तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणतेय. फोनवर आपलं दोघींचं जमत नाही. तू मध्येच तोडतेस, मी आवाज चढवते, आणि बाबा आतल्या खोलीतून "काय झालं गं?" म्हणत येतात. त्यांना मी काही सांगितलेलं नाही. प्रेशरची एक गोळी आत्ता कुठे कमी झालीय, ती पुन्हा वाढायला नको.

आधी चांगलं लिहिते. बढतीचं तू असं सांगितलंस की जणू छत्री घेतली. मी मात्र मावशीला लगेच कळवलं, दादालाही. तो म्हणाला, "मला माहितीये." म्हणजे तुम्ही दोघं एकमेकांशी बोलताय, हे ऐकून बढतीइतकंच बरं वाटलं. हाताखाली माणसं आली म्हणे. पाहुणे आले की पडद्यामागे जाऊन बसणारी तू!

आणि त्याच दमात म्हणालीस, "कार्डाच्या बिलावर बँक मागते ती किमान रक्कम भरते ना मी दर महिन्याला, थकलेलं काही नाहीये." तिथे माझं बिनसलं. आज मात्र कार्डाविषयी लिहायचं नाही असं ठरवून बसलेय. बढती झालीय, तर पगाराचं लिहिते.

वाढलेला पगार हातात यायच्या आधीच खर्चाला वाटा फुटलेल्या असतात. म्हणून वाढीचा निम्मा भाग तरी पगाराच्याच दिवशी आपोआप दुसऱ्या खात्यात जाईल अशी सोय करून टाक. महिनाअखेरीला उरेल ते टाकू म्हणशील तर काही उरत नाही, माझंही कधी उरलं नाही. ते खातं वेगळ्या बँकेत असू दे, आणि त्याचं ॲप फोनवर नको. तीन ते सहा महिन्यांचा खर्च तिथे साठेपर्यंत हात लावायचा नाही. नोकरी गेली, दुखणं निघालं, रातोरात कुठे निघावं लागलं, तर त्यासाठी ते. सेल लागला म्हणून नाही.

पण तुझ्या बाबतीत हे सगळं आज जसंच्या तसं लागू नाही. सध्या महिनाभराचा खर्च तेवढा बाजूला ठेव आणि बाकी सगळं कार्डाचं कर्ज फेडायला घाल. एका हाताने ठेवीचं व्याज घ्यायचं आणि दुसऱ्या हाताने त्याच्या कितीतरी पट व्याज द्यायचं, याला बचत म्हणत नाहीत.

आलेच मी पुन्हा तिथे. आता आलेच आहे तर नीट सांगते, कारण काल तू आकडे ऐकूनच घेतले नाहीस.

समज, कार्डावर लाखभर थकलेत. महिन्याला ३ टक्के व्याज आणि किमान रक्कम थकबाकीच्या ५ टक्के. तुझ्या कार्डाचे आकडे थोडे इकडेतिकडे असतील, स्टेटमेंटवर बघ. लाखावर पहिल्याच महिन्यात ३ हजार व्याज चढतं. तू ५ हजारांवर थोडे भरतेस, त्यातले मुद्दलाला लागतात जेमतेम दोन हजार. बाकी कमी झाली की पुढच्या महिन्याची किमान रक्कमही कमी होते. तुला वाटतं, ओझं हलकं झालं. प्रत्यक्षात बँक तुला आणखी हळू फेडायला सांगत असते. नवी खरेदी एकही केली नाहीस तरी लाखाचे पन्नास हजार व्हायला ३२ महिने लागतात. तोवर तुझ्या खिशातून गेलेले असतात १ लाख २० हजारांच्या आसपास, आणि पन्नास हजार अजून उभेच.

आता दुसरा हिशेब बघ. किमान रक्कम कितीही खाली येऊ दे, तू आपला हप्ता ५ हजारांच्या खाली येऊ दिला नाहीस, तर ३१ महिन्यांत सगळं कर्ज संपतं. सुरुवात तीच, मुदत जवळपास तीच, फक्त हप्ता खाली येऊ द्यायचा नाही. मी दोनदा पेन्सिलीने मांडून पाहिलं, मग दादाला संगणकावर करायला लावलं. (कुणासाठी, ते त्याला सांगितलेलं नाही. पण तो काही मूर्ख नाही.)

आणखी एक. बिल पूर्ण भरलं नाही की बिनव्याजी दिवसांची सवलत बंद होते. मग नव्या खरेदीवर केल्या दिवसापासून व्याज चढतं. कार्डाने रोख काढलीस तर सवलत मुळातच नसते, वर वेगळं शुल्क. म्हणून फिटेपर्यंत ते कार्ड घरात ठेव, पर्समध्ये नको, आणि खरेदीच्या ॲपमध्ये साठवलेला नंबरही काढून टाक.

पर्सनल लोन काढून एकदाच मिटवते म्हणालीस, ते ऐकून मी उगाच तडकले. कल्पना वाईट नाही, लोनचा दर कार्डाच्या निम्म्याहूनही खाली असू शकतो. पण दर सांगणाऱ्याला एकच विचार, व्याज फ्लॅट की घटत्या शिलकीवर? मी बँकेच्या काउंटरवर इतकी वर्षं काढली, 'फक्त १२ टक्के' ऐकून सही केलेली किती माणसं पाहिली. फ्लॅट १२ म्हणजे वर्षभर व्याज मूळ रकमेवरच धरतात, तुम्ही अर्धी फेडली तरी. मासिक हप्त्यांनी वर्षात फेडायचं तर खरा दर २१-२२ टक्क्यांच्या घरात जातो. प्रोसेसिंग फी वेगळी. आणि लोनने कार्ड रिकामं झालं की त्यावर पुन्हा खर्च चढायला लागतो, हेही मी काउंटरवरूनच पाहिलंय. मग एकाची दोन देणी.

वाचताना तुला माझा फोनवरचा आवाज ऐकू येत असणार. नको होता यायला. "तू मला अजून पाकीटमनी मोजून देतेस असं वाटतं," म्हणालीस, ते लागलं मला, पण खोटं नाही. तू कमावतेस. प्रवास कर, घड्याळ घे, मैत्रिणीच्या लग्नात मिरव. त्याचा हिशेब मी मागत नाही. त्या हिरव्या सोफ्याबद्दल बोलले ते मागे घेते. सोफा चांगला आहे.

माझी भीती रकमेची नाहीच. तू "सगळं ठीक आहे" ज्या सुरात म्हणालीस, त्या सुराची आहे. तो मी ओळखते. अण्णा तसंच म्हणायचे. तुला अण्णा आठवतात ते खांद्यावर बसवून फिरवणारे. मला त्यांचा पत्र्याचा डबाही आठवतो. ते गेल्यावर आजीने तो उघडला, मी शेजारी होते. आत उसनवारीच्या चिठ्ठ्या, प्रत्येक वेगळ्या माणसाची, आणि प्रत्येकीच्या पाठीवर अण्णांच्या त्या सुरेख, तिरक्या अक्षरात एकच टीप: "पुढील महिन्यात नक्की." काही टिपांवर काट मारून खाली पुन्हा तेच लिहिलेलं. आजीने चिठ्ठ्या जमिनीवर लावल्या, मोठ्या रकमांच्या एका बाजूला, लहान दुसऱ्या बाजूला, आणि रडायच्या आधी बेरीज केली. माणूस उधळ्या नव्हता, मनू. लोकांचं अडलेलं बघवायचं नाही, आणि स्वतःचं अडलेलं सांगवायचं नाही. आजीला तेव्हाच कळलं असतं तर निम्म्या चिठ्ठ्या तिने दोन वर्षांत फाडल्या असत्या. नंतर फाडल्याच की, एकटीने.

तू अण्णा नाहीस, हे मला कळतं. तुझ्यात आजीही आहे. ताप अंगात घेऊन परीक्षेला गेलीस ती आजीच. पण ताप आहे हे तेव्हाही तू घरी आल्यावरच सांगितलंस.

मला तुझं कर्ज फेडायचं नाहीये. बाबा फेडतील, मागू नकोस. त्यांनी ठेव मोडायला घेतली तर मला थांबवता येणार नाही. मला फक्त आकडा हवा. खरा, पैशापर्यंतचा. मीही ओरडणार नाही. निदान पहिली दहा मिनिटं तरी.

रविवारी सकाळी बाबा फिरायला जातात तेव्हा फोन कर. गेल्या तीन महिन्यांची स्टेटमेंट समोर ठेव, मी वही घेऊन बसते. प्रत्येक कार्डाचा दर, बाकी आणि शेवटची तारीख लिहू. सगळ्यात जास्त दराचं आधी मारायचं, बाकीच्यांचं किमान चालू ठेवून. दादा म्हणतो लहान बाकी आधी मिटवली की उत्साह टिकतो. त्याचंही खोटं नाही, तुझा स्वभाव तुला माहीत.

तुझी
आई

ता. क. मघाशी 'प्रत्येक कार्डाचा' लिहून गेले. एकच आहे ना गं?