प्रपोजल लिहून देणारा माणूस द्या, फुकट द्या, जिल्ह्यातच द्या : विधी व न्याय मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, विधी व न्याय विभाग,
महाराष्ट्र राज्य

मंत्री महोदय, स.न.वि.वि.

छोट्या संस्थांना निधी मागायचा अर्ज, म्हणजे प्रपोजल, लिहून देणारा माणूस सरकारनं द्यावा हे मागायला लिहितेय, आणि तुम्हालाच का ते आधी सांगते. धर्मादाय आयुक्तांचं ऑफिस तुमच्या खात्याखाली येतं आणि आमच्यासारख्या छोट्या संस्थांना सरकारचं एक ऑफिस नीट ओळखीचं असेल तर ते हेच. १८६० चा सोसायटी कायदा आणि १९५० चा विश्वस्त व्यवस्था कायदा, दोन्हीखाली आमची नोंदणी तिथेच झाली, विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट तिथेच, दरवर्षीचा ऑडिट रिपोर्ट पण तिथेच. म्हणजे राज्यात कुठल्या तालुक्यात कुठली संस्था आहे, तिचा वर्षाचा खर्च किती, ती जिवंत आहे का नुसती कागदावर, हे तुमच्या खात्याला कळू शकतं. म्हणून तुम्हाला.

आम्ही ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी काम करतो. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या कारखान्यांकडे निघतात, गाव अर्धं रिकामं होतं, आणि जे मूल आईबापाबरोबर उसाच्या फडावर जातं त्याची शाळा त्या वर्षापुरती संपल्यात जमा असते, नंतर तर कायमचीच सुटते बऱ्याचदा. ती जाऊ नयेत, आजीआजोबांपाशी किंवा नातेवाइकांकडे गावातच राहावीत म्हणून आम्ही त्यांचं संध्याकाळचं जेवण, अभ्यास, आजारपण बघतो आणि ज्यांना रात्री कुणीच नाही त्यांच्या झोपायची पण सोय करतो. अकरा वर्षं झाली. पैसे गावातल्या लोकांकडून, काही शिक्षकांकडून, कधी कुणी वाढदिवसाला देतं त्यातून.

काही वर्षांपूर्वी कुणीतरी म्हणालं की कंपन्यांना कायद्यानं सामाजिक कामावर खर्च करावा लागतो, तो सीएसआरचा पैसा असतो, तुम्ही अर्ज का करत नाही. केला. फॉर्म ऑनलाइन, सगळा इंग्रजीत, प्रत्येक रकान्याला शब्दांची मर्यादा. प्रॉब्लेम स्टेटमेंट, बेसलाइन, आउटपुट, आउटकम, थिअरी ऑफ चेंज, सस्टेनेबिलिटी, एक्झिट प्लॅन. आमच्यात एक निवृत्त शिक्षक, मी, आणि बारावी झालेली एक मुलगी, आम्ही तिघं रात्री साडेअकरापर्यंत मोबाईलवर बघत होतो की आउटपुट आणि आउटकम यात फरक काय. शेवटी लिहिलं की मुलांचा सर्वांगीण विकास होईल. दीड महिन्यानी दोन ओळींचा मेल आला, नाही म्हणून. कारण दिलेलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आमचा अर्ज वाचून त्यांना काय कळणार होतं, त्यात आमचं काम नव्हतंच, नुसते मोठे शब्द होते.

पुढच्या वर्षी ओळखीतल्या एकांची मुलगी सुट्टीला आली होती. ती शहरात एका मोठ्या संस्थेत प्रपोजल लिहायचंच काम करायची. तीन दिवस आमच्याकडे राहिली. पहिल्या दिवशी तिनं फॉर्म उघडलाच नाही, विचारत बसली. मुलं थांबली हे कशावरून म्हणता? कुठली थांबली, कुठली नाही? नाही थांबली ती का? आम्ही वह्या काढल्या. आमच्याकडे दर हंगामाची एक वही असते, कुठल्या घरचा कोयता (तोडणीला जाणारी नवरा-बायकोची जोडी) गेला, किती तारखेला गेला, कुठलं मूल बरोबर गेलं, कुठलं मागे राहिलं, परत कधी आलं, मार्चमध्ये शाळेत हजर होतं का, असं सगळं हातानी लिहिलेलं. आम्ही ते का लिहीत होतो तर मूल हरवू नये म्हणून, दुसरं काही डोक्यात नव्हतं. ती म्हणाली हीच तुमची बेसलाइन, म्हणजे काम सुरू करतानाची स्थिती, आणि पहिल्या वहीतला आकडा आणि शेवटच्या वहीतला आकडा यातला फरक म्हणजे आउटकम, जेवणं किती दिली ते फक्त आउटपुट. एवढं साधं होतं ते. इतकी वर्षं कपाटात पडून होतं.

मग तिनं बजेट बघितलं. आम्ही स्वयंपाक करणाऱ्या ताईंचं आणि रात्री थांबणाऱ्या काकांचं मानधन लिहिलंच नव्हतं, कारण आमची समजूत अशी की पगार दिसला की देणारा नाराज होतो. त्याऐवजी कॉम्प्युटर लॅब टाकली होती, कारण ती कंपन्यांना आवडते असं ऐकलेलं. तिनं लॅब काढायला लावली, म्हणाली हे तुमचं काम नाही आणि तुम्हाला ते जमणार पण नाही, आणि ताईंचं-काकांचं मानधन टाकलं, कारण मूल गावात थांबतं ते त्या दोघांच्या जिवावर. आम्ही म्हटलं पण पाच टक्क्यांच्या वर प्रशासकीय खर्च चालत नाही ना. तर तिनं नियमच उघडून दाखवला. ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चावर आहे, आणि एखाद्या प्रोजेक्टची आखणी, अंमलबजावणी, देखरेख, मूल्यमापन यावर थेट होणारा खर्च त्यात धरायचाच नाही असं तिथं स्पष्ट लिहिलंय. कितीतरी संस्था हा नियम स्वतःलाच लावून घेतात आणि आपल्याच माणसांचा पगार कापतात. कंपन्यांची माणसं पण बिनधास्त सांगतात पाच टक्के म्हणून. हे सांगणारं कुणीतरी पाहिजे ना आमच्या बाजूला बसलेलं.

दुसरा अर्ज मंजूर झाला. मागितलं त्यापेक्षा कमी मिळालं पण मिळालं, दोन हंगाम त्यावर निघाले. आता साहेब, या दोन अर्जांच्या मधल्या वर्षात आमच्या कामात काहीच बदललं नव्हतं. मुलं तीच, वह्या त्याच, ताई-काका तेच. फक्त तीन दिवस एक जाणकार माणूस आमच्या शेजारी बसला होता. ती ओळखीची निघाली म्हणून. ज्यांची अशी ओळख नाही त्यांनी काय करायचं?

पैसा नाही असं तर नाहीये. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ लागू झालं १ एप्रिल २०१४ ला, त्याप्रमाणे ५०० कोटी नेटवर्थ किंवा १,००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा असलेल्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचा २ टक्के भाग सामाजिक कामावर खर्च करावा लागतो. २०२२-२३ मध्ये देशभरात हा खर्च ३० हजार कोटींच्या आसपास गेला, आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राला सगळ्यात जास्त मिळतो. पण त्याच कलमात असंही आहे की कंपनीनं आपल्या जवळच्या भागाला प्राधान्य द्यावं. कंपन्या आहेत मुंबई, ठाणे, पुणे पट्ट्यात. आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेले, जिल्हे म्हणून २०१८ साली केंद्रानं आपल्याकडचे जे चार निवडले, गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि तेव्हाचं उस्मानाबाद, तिथं जवळ असं कोण आहे? तिथल्या संस्थेला तर लांबच्या कंपनीला पटवायचंय, तेही कागदावरूनच, म्हणजे जिथं चांगला लिहिणारा सगळ्यात जास्त लागतो तिथंच तो सगळ्यात कमी सापडतो.

त्यात अटी वाढतच गेल्या. २०२१ पासून सीएसआरचा पैसा घ्यायचा तर संस्थेला सीएसआर-१ फॉर्म भरून नंबर घ्यावा लागतो, सीए किंवा सीएसची (कंपनी सेक्रेटरीची) सही घेऊन. १२ए आणि ८०जी (संस्थेला आणि देणगीदाराला आयकरात सवलत) पाहिजे, आणि ते पूर्वीसारखं कायमचं नाही, मुदतीचं झालंय, नूतनीकरणाची तारीख चुकली की गेलं. तीन वर्षांचा अनुभव पाहिजे, पण कंपनीनं स्वतः काढलेली संस्था असेल तर ही अट नाही. देणगी घेतली की ३१ मेपर्यंत देणगीदारांचा तपशील देणारा आयकराचा १०बीडी फॉर्म भरा. सोशल स्टॉक एक्स्चेंज (सामाजिक संस्थांना निधी उभारायचा शेअर बाजारातला विभाग) आला तर तिथं नोंदणीलाच आदल्या वर्षी किमान ५० लाख खर्च केलेला दाखवावा लागतो, आमच्यासाठी तो विषय तिथंच संपला. हे नियम वाईट हेतूनी केलेत असं मी म्हणत नाही, बोगस संस्था आहेत आणि त्यांना चाळणी पाहिजेच. पण या चाळणीतून बोगस संस्था आरामात खाली उतरते कारण तिच्याकडे पैसे देऊन ठेवलेला माणूस असतो, आणि खरी अडकते.

बाजारात लिहून देणारे आहेत. काही जण फी सांगतात ती आमच्या दोन महिन्यांच्या धान्याएवढी. काही जण म्हणतात आता काही देऊ नका, मंजूर झालं की दहा टक्के. हे मला सगळ्यात घातक वाटतं. मुलांच्या जेवणासाठी आलेल्या पैशातून टक्केवारी काढायची म्हणजे ती बजेटमध्ये दाखवता येत नाही, मग कुठल्यातरी व्हाउचरमध्ये लपवावी लागते, आणि एक सरळ संस्था तिथं पहिल्यांदा खोटं लिहायला शिकते. अमेरिकेत ग्रांट लिहिणाऱ्या व्यावसायिकांच्या संघटनेच्या आचारसंहितेत असं टक्केवारीवर काम करायला चक्क मनाई आहे. आपल्याकडे तेच सर्रास चालू आहे कारण दुसरा पर्यायच ठेवलेला नाही. म्हणून मी फुकट म्हणतेय, आणि फुकट म्हणजे आमच्यासाठी फुकट. लिहिणाऱ्याला पूर्ण पगार मिळालाच पाहिजे, तो सरकारनं द्यावा.

असं सरकार करत नाही का? करतं की. १९८७ च्या विधी सेवा कायद्यामुळे वकील न परवडणाऱ्या माणसाला तालुक्याच्या कोर्टात सुद्धा वकील मिळतो. २०२० मध्ये सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना आली तर त्यात जिल्हा संसाधन व्यक्ती नेमली, पापड-मसाल्याच्या छोट्या उद्योजिकेला प्रकल्प अहवाल लिहून देते, बँकेत बरोबर जाते आणि तिचं मानधन योजनेतून मिळतं. त्याच वर्षी शेतकरी उत्पादक कंपन्यांची योजना आली त्यात तर हात धरून उभं करायला वेगळ्या संस्थाच नेमल्या आणि प्रत्येक कंपनीला तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत व्यवस्थापन खर्च ठेवला. चांगलं केलं. मग नफा न कमावणाऱ्यांसाठी तेच का नको?

मागणी अशी आहे. धर्मादाय आयुक्तांच्या प्रत्येक जिल्ह्यातल्या ऑफिसशी जोडून पण त्यांच्या हाताखाली नाही, असा एक सहाय्य कक्ष काढा, दोन-तीन पूर्णवेळ माणसांचा. हाताखाली नको कारण आमची चौकशी करणारा आणि आमच्या बाजूनी लिहिणारा एकच असून चालणार नाही, माणूस मोकळेपणानी आपली कच्ची बाजू सांगणार नाही. ठरावीक मर्यादेच्या आत वार्षिक खर्च असलेल्या संस्थांनाच मदत द्या, मोठ्यांना नको, त्यांच्याकडे आहेत माणसं. कुणाला आधी हे अर्जाच्या तारखेप्रमाणे ठरू दे आणि ती यादी उघडी असू दे, नाहीतर कुणाचं तरी पत्र घेऊन येणारा पुढे जाईल, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे.

आणि कृपा करून ट्रेनिंग नको. मी चार कार्यशाळांना बसलेय. एका दिवसात सत्तर लोकांना लॉगफ्रेम (प्रोजेक्टची उद्दिष्टं-कामं मांडायचा तक्ता) शिकवतात, फाइल-पेन देतात, सर्टिफिकेट देतात, घरी आल्यावर फॉर्म उघडला की परत तिथंच. आम्हाला शेजारी बसून लिहिणारा माणूस पाहिजे. तो गावात यायला पाहिजे, वह्या बघायला पाहिजे, ताईंशी बोलायला पाहिजे, मराठीत, जिथं अहिराणी किंवा गोंडी लागेल तिथं ती येणाऱ्याला बरोबर घेऊन, आणि मग त्यानं इंग्रजीत लिहावं. आमचं सांगणं आमच्या भाषेत नीट येतं हो, ते तिथं आधी ऐकलं गेलं पाहिजे. त्याला नाही म्हणायची पण मुभा हवी, की हा फंड तुमच्यासाठी नाही, यात वेळ घालवू नका. हे एक वाक्य आम्हाला कुणी सांगितलं असतं तर कितीतरी रात्री वाचल्या असत्या. आणि मंजूर झाल्यावर त्यानं सोडून जाऊ नये, पहिलं वर्षभर तरी रिपोर्ट आणि खर्चाच्या हिशोबाला सोबत राहावं, कारण पहिला रिपोर्ट फसला की दुसरा हप्ता अडकतो आणि ती कंपनी परत कधी दारात उभं करत नाही.

माणसं कुठून आणायची असं विचाराल. एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदवी) झालेली मुलं प्रत्येक जिल्ह्यात आहेत, त्यातली बरीच सहा-आठ हजारांवर कंत्राटी सर्व्हे करत फिरतात. तुळजापूरला टिसचा (टाटा समाजविज्ञान संस्थेचा) कॅम्पस आहे, सरकारची मुख्यमंत्री फेलोशिप २०१५ ला सुरू झाली, मध्ये काही वर्षं बंद होती, २०२३ ला परत आली, त्यातले काही जण या कामाला द्या. त्यांना आधी वर्षभर एखाद्या अनुभवी माणसाच्या हाताखाली ठेवा, थेट सोडू नका, कारण कच्च्या हातानी लिहिलेला अर्ज फेटाळला गेला तर नाव संस्थेचं खराब होतं.

शेवटची गोष्ट वेळेची. कंपन्यांचं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, त्यांच्या समित्या वर्षाचा आराखडा ठरवतात त्याच्या आगेमागे, म्हणजे अर्ज लिहायची घाई जानेवारी-फेब्रुवारीत. तेव्हा आमच्याकडे टोळ्या बाहेर असतात, घर मुलांनी भरलेलं असतं, कुणाला ताप असतो, कुणाची आई फडावरून फोन करून रडत असते. त्या दोन महिन्यांत आमच्यातलं कुणीही रात्री बसून अर्ज लिहू शकत नाही आणि लिहूही नये, त्या वेळी आम्ही मुलांपाशीच असलं पाहिजे. म्हणून लिहिणारा दुसरा पाहिजे, आणि तो दिवाळीच्या आधी नेमलेला पाहिजे, वह्या बघायला त्याला दोन महिने मिळतील असा. सगळ्या राज्यात एकदम जमणार नसेल तर त्या चार आकांक्षित जिल्ह्यांपासून करा, आमचा जिल्हा त्यात नाही, तरी चालेल. तिथं काय झालं ते बघायला मी स्वतः येईन आणि आमच्या वह्या कुणाला बघायच्या असतील तर कपाट उघडं आहे.

आपली,
एका तालुक्यातल्या छोट्या संस्थेची कार्यकर्ती