ब्लाइबऱ्याचं चर्च बघताना

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

सुट्टीत नॉरिचहून सफकमधल्या ब्लाइबऱ्याला जाणार आहेस हे वाचून फार बरं वाटलं. तिथल्या होली ट्रिनिटी चर्चच्या छतावरचे लाकडी देवदूत बघायलाच सगळे तिथे जातात. तू मात्र आधी बाकांकडे बघ.

पंधराव्या शतकाआधी इंग्लंडमधल्या गावच्या चर्चमध्ये बहुतेक लोक उभेच असत. बाक आले ते मध्ययुग सरता सरता. ब्लाइबऱ्याच्या बाकांच्या टोकांवर सुतारांनी माणसाचे दुर्गुण कोरलेत. आळस अंथरुणात बसलाय, हाव पैशाच्या पेटीवर, खादाडाचं पोट सुटलंय, चहाडीची जीभ बाहेर. निरक्षरांना शिकवण्यासाठी हे केलं, असं सांगतात. मला ते अर्धंच पटतं. हे कोरणाऱ्याला माणसं निरखायची आवड होती, एवढं नक्की.

आता एक व्यवहाराची गोष्ट, जी कळल्याशिवाय ही चर्चं कळत नाहीत. वेदीकडच्या पूर्वेकडच्या भागाची डागडुजी धर्मगुरूच्या माथी, आणि लोक जमत त्या लांब दालनाची गावकऱ्यांच्या माथी, अशी तिथली तेराव्या शतकापासूनची रीत. आपल्याकडे गाभारा एकाने सांभाळावा आणि सभामंडप गावाने, तसं. म्हणून अनेक ठिकाणी दालन भव्य आणि वेदीकडचा भाग साधा दिसतो. ब्लाइबऱ्यात मात्र मधे कमानही नाही, एकच छत टोकापर्यंत जातं. दोन्ही भाग वेगळे करायला फक्त लाकडी जाळीचा पडदा असे.

अशा पडद्यांवर पूर्वी सज्जा असे आणि त्याच्या वर क्रूसावरचा येशू. धर्मसुधारणेत, म्हणजे सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट पंथ आला तेव्हा, ते सगळं उतरवलं गेलं. पण सज्ज्यावर जायचे जिने सफक-नॉरफकच्या कित्येक चर्चच्या भिंतीत अजून आहेत, कुठेच न पोहोचणारे. जुन्या इमारतीत मी सगळ्यात आधी असलीच जागा शोधतो. काय होतं ते तीच खरं सांगते.

मग वर बघ. १६४४ मध्ये विल्यम डाउझिंग नावाचा संसदेचा माणूस मूर्ती-चित्रं फोडत इथवर आला आणि त्याने वीस देवदूत काढायचा हुकूम दिला. तरी बरेच राहिले. इतक्या उंचावर चढायचं कोणी, हेच कारण असावं असं मला वाटतं. त्यांच्या लाकडात शिशाचे छर्रे सापडले, तेव्हा खापर त्याच्याच माणसांवर फुटलं. पण चर्चच्या अठराव्या शतकातल्या हिशेबात जॅकडॉ पक्षी मारायला घेतलेल्या दारू-छर्‍यांचा खर्च मांडलेला आहे. छर्रे तेव्हाचेच. जुन्या रंगाचे पट्टे तुळयांवर अजून दिसतात, दुर्बीण ने.

आत गारठा असतो, स्वेटर विसरू नकोस. जाताना एखादं कोरीवकाम कागदावर पेन्सिलीने काढ, फोटो नंतर.

तुझा,
बाबा